दोन पेडलांची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी, दोन दारांची गाडी आहे. आणि आधीच सांगून ठेवते, मला 'बिचारी' म्हटलेलं चालत नाही. माझी कहाणी ऐकून कोणी चुकचुकणार असेल, तर त्यानं पुढं वाचूच नये.

शाळेत मी गेलेली नाही. रस्त्याच्या कडेच्या पाट्या जेवढ्या डोळ्यांपुढून गेल्या, तेवढीच अक्षरं मला येतात. 'वळण'. 'पुढे शाळा'. 'वाहने हळू चालवा'. त्यातली शेवटची पाटी मला कधीच पटली नाही.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. त्याच आठवड्यात माझी बहीण जन्मली. साचा एक, इंजिन एक, छत मागं उतरत गेलेलं, उभी असली तरी वाटावं की आता उडी मारणार. आमच्या जातीला कूपे म्हणतात. बहिणीला तांबडा रंग मिळाला, मला राखी. पण खरा फरक रंगाचा नव्हता, पायापाशी होता. तिला तीन पेडल, मला दोन.

नीट समजावून सांगते. ज्या गाडीचे गेर हातानं टाकावे लागतात, तिला डाव्या पायासाठी एक पेडल असतं. त्याला क्लच म्हणतात. ते दाबायचं, गेर टाकायचा, मग अंदाजानं हळूहळू सोडायचं. अंदाज चुकला की गाडी गचका देऊन बंद. माझ्यात ही भानगडच नाही. उजव्या पायानं वेग द्या, उजव्याच पायानं ब्रेक दाबा. गेर माझे मी बदलते. कोणी सांगेल म्हणून वाट पाहत बसत नाही.

आता याला हुशारी म्हणायची की नाही? पण शोरूममधला टाय लावलेला पोऱ्या गिऱ्हाइकांना काय सांगायचा? "तांबडी शौकिनांसाठी आहे सर. आणि ही राखी... ही आरामशीर लोकांसाठी." आरामशीर! त्याच्या हातातला चहा निवायच्या आत मी नागपूर ओलांडून आले असते. पण बोलणार कोणापाशी? आमच्या बोलण्याला आवाज नसतो.

माझा पहिला मालक नागपूरचा दातांचा डॉक्टर होता. माणूस चांगला. मला रोज सकाळी पुसायचा, सिग्नलला शेजारच्या गाड्या बघतात का ते पाहायचा. मग त्याच्या घरी जुळी मुलं झाली. माझी मागची सीट नावालाच आहे. तिथं तांदळाचं एक पोतं बसतं, माणूस बसवायचा तर घडी घालावी लागते. जुळ्यांना कुठं बसवणार? डॉक्टरनं मला विकलं. जाताना एकदा छतावरून हात फिरवला आणि लगेच खिशातला फोन काढला. असो.

मी आले भंडाऱ्याजवळ, हायवेच्या काठी. तिथं निकेशचं जुन्या गाड्यांचं यार्ड आहे. चार महिन्यांनी माझ्या शेजारी कोण येऊन उभी राहावी? तांबडी! गोंदियाकडून आली होती. डाव्या दरवाजावर एक ओरखडा होता, बाकी ठसका तसाच.

मित्रांनो, उभं राहणं ही फार वाईट गोष्ट आहे. समोरून दिवसभर ट्रक रायपूरकडे जायचे, नागपूरकडे जायचे. प्रत्येकाच्या टायरचा आवाज माझ्या पोटात वाजायचा. मी जागेवरच. बॅटरी उतरत गेली. एकाच जागी भार पडून टायर खालून चपटे व्हायला लागले. उन्हाळ्यात भंडाऱ्याचं ऊन असं की डॅशबोर्डवर पापड भाजून घ्यावेत. यार्डात गाड्या धुणारा गुलाब नावाचा माणूस होता. तो दर शनिवारी दहा मिनिटं माझं इंजिन चालू करायचा. ती दहा मिनिटं मी थरथरत असायची. वाटायचं, आता गेर टाकेल, आता बाहेर काढेल. तो चावी फिरवायचा, आणि सगळं पुन्हा गप्प.

गिऱ्हाइकं यायची. तांबडीपुढं उभं राहून फोटो काढायची. मला टेकून.

"ही पण तीच आहे ना?" कोणी विचारलं तर निकेश म्हणायचा, "तीच आहे. पण बिनक्लचची." आणि गिऱ्हाईक "हं" करायचं. त्या "हं"चा अर्थ मला पाटीसारखा वाचता यायला लागला होता.

धानाची मळणी आटोपली होती, सकाळी धुकं पडायला लागलं होतं. अशा एका गुरुवारी यार्डाच्या फाटकाशी ऑटो थांबला. त्यातून आधी एक म्हातारी उतरली. लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिच्यामागून पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक पोरगा उतरला. उतरताना त्यानं ऑटोचा दांडा घट्ट धरला आणि डावा पाय आधी बाहेर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

गुलाबच्या हातातली बादली तिथंच राहिली. तो निकेशच्या कानाशी लागला. "भाऊ, हा मोहाडीकडचा विक्की आहे. पटातला! दोन साल झाले, छकडा उलटला, पाय चाकाखाली आला याचा. गुडघ्याखालून काढला. तो डावा पाय खरा नाही त्याचा."

पट म्हणजे शंकरपट, बैलांच्या जोड्यांची शर्यत. आमच्या भागात धान घरात आलं की गावोगाव पट भरतात. हलक्या छकड्यावर एकटा माणूस, पुढं दोन बैल, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मैदान संपतं. हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. विक्की आठ वर्षं धुरकरी होता. आता त्याला कुठंही जायचं तर बापाच्या मोटरसायकलवर मागं बसून, नाहीतर ऑटोनं.

"वरातीतल्यासारखी गाडी नोको मले," तो निकेशला म्हणाला. "धावणारी पाहिजे."

"धावणारी म्हणते," म्हातारी म्हणाली. ही त्याची आजी, रुखमिणी. "घरचे पाच लोकं कुठी बसतीन ते नाही पाहत."

"आजी, तुले पहिले बसवीन."

"मी तर बसीनच. तुह्या बाप मनात आणून राहिला होता का एकटाच पाठवाव तुले. मी म्हटलं, थो बैल पाहाले गेला तर मी सोबत जातो, मंग गाडीले काहून नाही?"

आणि मित्रांनो, त्या बाईनं आम्हाला खरोखर बैलासारखं पाहिलं. माझ्या पुठ्ठ्यावर थाप मारली. वाकून पोटाखाली पाहिलं. बॉनेटवरून तळवा फिरवला आणि तो हुंगला. मग बैलाच्या अंगावरचा केसांचा भोवरा शोधतात तशी नजर फिरवून निकेशला विचारलं, "हिले भोवरा कुठी आहे?"

"आजी, गाडीले भोवरा नसते."

"मंग खोड कशी समजाची?"

मला ती बाई तिथंच आवडली. इतक्या महिन्यांत माझी खोड विचारणारी ती पहिलीच.

विक्की मात्र तांबडीकडे पाहत होता. सगळ्यांसारखाच. पण त्याच्या पायाच्या डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं की बिनक्लचची गाडी घे. म्हणून नाइलाजानं तो आधी माझ्यात बसला. आजी शेजारी. निकेश पट्टा लावायला वाकला तर म्हणाली, "मले दाव्यानं बांधू नोको. मी काही पळून जाऊन नाही राहिली."

चावी फिरली. गेर टाकला. मी निघाले!

काय सांगू! हायवेच्या बाजूचा तो लहान रस्ता, दोन्हीकडे कापलेल्या धानाची शेतं, आणि चाकांखाली अखेर माती-खडी काहीतरी सरकत होतं. मला पळू की उडू असं झालं. विक्कीचे हात हलके होते. स्टिअरिंग त्यानं दाबून नाही धरलं, चिमटीत धरलं, जसा कासरा धरतात. असे हात माझ्या वाट्याला कधी आले नव्हते.

मग पेट्रोल पंपापुढचा गतिरोधक आला. आणि जुनी सवय आडवी आली. त्यानं आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेला. गतिरोधक दिसला की डावा पाय क्लच शोधतो. माझ्यात क्लच कुठला? त्या जागी माझं रुंद ब्रेक पेडल आहे. तो बिनजिवाचा पाय सगळ्या ताकदीनं त्याच्यावर पडला. मी जागच्या जागी थिजले. आजीचं कपाळ खणकन डॅशबोर्डवर आदळलं. मागचा टेम्पोवाला हॉर्नवर बसला आणि खिडकीतून काहीबाही बोलून पुढं गेला.

"लागलं का, आजी?"

"हाडाचं कपाळ आहे, काचेचं नाही," ती म्हणाली. पण टेंगूळ आलं होतं.

विक्कीचे कान लाल झाले. त्यानं मला सरळ परत यार्डात आणलं. उतरला आणि म्हणाला, "ही नाही. तांबडी पाहतो."

तांबडीत तो तीनदा बंद पडला. चौथ्यांदा मांडीच्या जोरानं पेडल दाबत, गचके खात, फाटकाच्या बाहेर गेला. परत आला तेव्हा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. तोंडावर मात्र हसू.

"सोमवारी घेऊन जातो," तो निकेशला म्हणाला. "हीच. पक्की."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला ठाऊक. गुलाबनं तांबडीला दोनदा धुतलं, टायरला काळं पॉलिश लावलं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. शनिवारी माझं इंजिन चालू करायला तो विसरला. मी हायवेकडे पाहत होते, पण डोळ्यांपुढं ते चिमटीतले हात येत होते. मला राग कोणाचा येत होता, सांगू? माझाच. माझ्या एका गचक्यापायी ते हात गेले. आणि त्याहून मोठी गोष्ट मला दिसत होती. तांबडी त्याला सांभाळणार नव्हती. तिच्या मनात असलं तरी तिला जमणार नव्हतं. तिला सांगणारा पाय लागतो, आणि त्याचा तो पाय मुका होता.

पण घाईघाईत तो तिच्यामागे का लागला होता, ते गुलाबकडून कळलं. माघात पवनीच्या बाजूला एका गावात पट भरणार होता. पटाच्या मंडळानं विक्कीला शर्यत सोडायची झेंडी धरायला बोलावलं होतं. दोन वर्षांत तो एकाही पटाला गेला नव्हता. घरी त्यानं सांगितलं होतं, गेलो तर स्वतःच्या गाडीनं हाकत जाईन, कोणाच्या मागं बसून जाणार नाही. आणि सगळा पट पाहणार की विक्की कशातून उतरला.

सोमवारी दोघं आले. आजीच्या हातात पिशवी. पिशवीत हळद-कुंकू, नारळ, आंब्याच्या पानांचं तोरण. गुलाबनं तांबडीला बाहेर काढून उन्हात उभं केलं. आजीनं तिच्या चारही चाकांवर तांब्यानं पाणी घातलं, गोठ्यात नवा बैल आला की त्याचे पाय धुतात तसं. बॉनेटवर तोरण बांधलं, मग नारळ हातात घेतला आणि थांबली.

"चढवून पाहिली का?"

"कायले चढवाची?" विक्की म्हणाला.

"बैल घेतला तर तलावाच्या पाळीवर गाडी भरून चढवून पाहते का नाही तुह्या बाप? चढावर उभा ठेवते, मंग पुन्हा उचलाले लावते. जो बैल चढावर माघार घेते, थो आपल्या दावणीले नाही येत. हिले काय येगळा न्याय आहे?"

"आजी, हे बैल नाही ना वं."

"मंग मी नारळ कायले फोडून राहिली? बैल समजूनच फोडून राहिली."

नारळ तिनं परत पिशवीत टाकला आणि तांबडीत जाऊन बसली. विषय संपला.

जवळच एक तलाव आहे. त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढणारा रस्ता अरुंद आणि खडा. पुढं तांबडी, तिच्यात विक्की आणि आजी. निकेशला आपल्या गाडीवर नजर ठेवायची होती म्हणून तो मागून मला घेऊन निघाला, सोबत गुलाब. असं मला तिच्या मागं जावं लागलं. मी मनात म्हटलं, आता हेही पाहायचं.

अर्धा चढ विक्कीनं बरा काढला. तेवढ्यात पाळीवरून शेळ्यांचा कळप खाली उतरला. तांबडी थांबली. मीही तिच्या मागं दोन हातांवर थांबले. डाव्या बाजूला पाणी चकचकत होतं. शेळ्या निवांत चालल्या होत्या, एकीनं तर थांबून तोरणाचं पान ओढून पाहिलं.

शेळ्या गेल्या. विक्कीनं गेर टाकला. तांबडी गुरगुरली, एकदा गचकली आणि बंद पडली. त्याचा तो पाय क्लचवरून घसरून पेडलाच्या खाली अडकला. अडकलेला त्याला कळला नाही. तो खाली वाकून हातानं पाय ओढायला लागला आणि त्या गडबडीत उजवा पाय ब्रेकवरून सुटला.

तांबडी मागं यायला लागली.

निकेश "अरे अरे अरे" करत माझ्या ब्रेकवर उभाच राहिला. मी चारही चाकं जमिनीत रोवली. तांबडीचा पाठीचा बंपर माझ्या नाकावर आदळला. माझा पत्रा आत गेला, एक दिवा फुटला. पण मी हलले नाही. मित्रांनो, मला मागं सरकता आलं नसतं असं नाही. खाली उतार होता, बाजूला पाणी होतं. मी तिला तिथंच धरून ठेवलं. शोरूममधल्या त्या पोऱ्याला सांगा कोणीतरी, ही आरामशीर गाडी.

विक्कीनं हँडब्रेक ओढला. तलावातून एक बगळा उडाला.

निकेश उतरून माझ्या नाकापाशी धावला. "माह्या गाडीचं नाक गेलं ना!"

"तुह्या नाकाले काही झालं का?" आजी दार उघडत म्हणाली. "नाही ना? मंग चूप ऱ्हा."

विक्की उतरला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. आजी फिरून त्याच्या बाजूला आली.

"मले कळतच नाही, आजी," तो हळू बोलला. "पेडल वर आहे का खाली आहे, पाय त्याच्यावर आहे का नाही, काहीच कळत नाही. गुरुवारीही नव्हतं कळलं. मी जोरानं दाबत होतो, बस."

"मंग तिच्याच मागं काहून लागला?"

"लोकं म्हणतीन ना. लंगडा झाला म्हणून बिनगेरची घेतली."

आजीनं पदरानं तोंड पुसलं. कपाळावरचं टेंगूळ अजून पुरतं उतरलं नव्हतं.

"किती साल पट हाकलं तू?"

"आठ."

"बैलाले कोणता गेर असते रे?"

तो स्टिअरिंगवरची धूळ बोटानं पुसायला लागला.

"सांग ना. छकड्यावर पाय कोणत्या कामाचे होते तुह्ये? बसाच्या! हाकलं तू हातानं अन् तोंडानं. आठ साल. तवा कोणी म्हटलं का, हा पायानं नाही हाकत म्हणून?"

मी नाकात पत्रा घुसलेल्या अवस्थेत हे ऐकत होते. तांबडीही ऐकत होती. तिला वाईट वाटलं असेल, पण तिचा काही दोष नव्हता, हे मी आजही सांगते.

"पण त्या राखीतही पाय आडवा येते," विक्की म्हणाला. "पाहिलं ना तू. ब्रेकवर पडते."

"आडवा येते तर काढून ठेव."

इतकंच. चप्पल चावते तर काढून ठेव म्हणावं, तसं.

मित्रांनो, हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. दोन वर्षांत त्यानं तो पाय कोणापुढं काढला नव्हता. घरीही खोलीचं दार लावून काढायचा, हे नंतर आजीच्या तोंडून मी ऐकलं. आणि इथं निकेश होता, गुलाब होता, शेळ्यांमागून आलेली अनोळखी बाई काठी टेकून उभी होती. विक्कीनं तिघांकडे पाहिलं. गुलाबनं नजर दुसरीकडे वळवली. आजीनं नाही वळवली.

मग त्यानं पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली. कुठलीशी खीळ दाबली, हवा सुटल्यासारखा फुस्स आवाज आला आणि पाय हातात आला. बूट-मोज्यासकट. तांबडीच्या छताला धरून, मग माझ्या बॉनेटला धरून, एका पायावर तो माझ्या दारापाशी आला. माझ्या बॉनेटवर त्याचा तळवा घामानं ओला होता.

"निकेशभाऊ, चावी."

"अरे, तिचं नाक—"

"नाक भरून देईन. चावी."

आजी दुसऱ्या बाजूनं आत बसली. "हा कुठी ठेवू?" तिनं विचारलं. मागच्या सीटवर गुलाबची बादली होती. शेवटी तो पाय तिनं मांडीवर उभा धरला, बुटासकट, आणि पट्टा या खेपेला न सांगता लावला.

गुलाबनं तांबडी वर काढून बाजूला घेतली. विक्कीनं मला चढाला लावलं. मधोमध मुद्दाम थांबवलं. ब्रेक सोडला, वेग दिला, मी निघाले. पुन्हा थांबवलं. पुन्हा निघाले. एक बोटही मागं सरकले नाही. डाव्या बाजूनं काही येऊन पडलं नाही, कारण पडायला तिथं काही नव्हतंच. पाळीवर पोचताच त्याच्या तोंडून आपोआप एक हाक निघाली, जीभ टाळूला लावून काढतात ती, बैलांना मोकळं सोडायची. मला तिचा अर्थ शिकवावा लागला नाही. पाळीवरचा सरळ रस्ता मी एका श्वासात संपवला.

"हळू रे, मुडद्या!" आजी ओरडली. पण ती हसत होती. मांडीवरचा पाय तिनं दोन्ही हातांनी कवटाळला होता.

नारळ माझ्यापुढं फुटला. मग रीतसर डॉक्टरचा कागद, आरटीओचा कागद, लायसनवरची नोंद, सगळं झालं. त्यात महिना गेला आणि तो महिना मी त्यांच्या अंगणात पुन्हा उभीच होते, पण त्या उभं राहण्यावर मी जास्त बोलत नाही. बैल शेजारीच बांधले होते. त्यांना माझा वास आवडला नाही, मला त्यांचा. तांबडी तुमसरच्या एका माणसानं नेली. दोन्ही पाय धड असलेला माणूस आहे, ती मजेत आहे म्हणतात.

माघात आम्ही पटाला निघालो. विक्की, त्याच्या शेजारी आजी, मागं पाय. वैनगंगेच्या पुलावर त्यानं काच खाली केली. गाव जवळ आलं तशी माणसं वाढत गेली. बैलगाड्या, मोटरसायकली, भजीची दुकानं, भोंग्यावर कोणाच्या तरी जोडीचं नाव. मला आत चढत गेलेली धडधड कळत होती. ती माझ्या इंजिनाची नव्हती. मैदानाच्या कडेला पोचल्यावर त्यानं मला थांबवलं, आणि इंजिन चालूच ठेवून बसून राहिला. मला वाटलं, हा आता मागं फिरवतो.

"विक्की आला! विक्की!" कोणीतरी ओरडलं. माणसं गोळा व्हायला लागली. पुढं येईनात. गाडीभोवती हातभर अंतर ठेवून उभी राहिली, आणि सगळ्यांचे डोळे तिरके. काचेवर, चाकावर, बॉनेटवर, आणि मग पटकन त्याच्या पायाकडे. तिरक्या नजरेचं ओझं काय असतं, ते यार्डात मी भोगलं आहे.

"बंद कर," आजी म्हणाली. "पेट्रोल काय तलावातून येते?"

त्यानं इंजिन बंद केलं. दार सताड उघडलं. बाहेर तोंड करून बसला, मागून पाय काढला आणि सगळ्या पटापुढं पँट गुंडाळली. गुडघ्याखाली चढवायचा मोजा सरळ करायला त्याला दोन्ही हात लागत होते, आणि पाय कुठं ठेवावा कळेना.

गर्दीतून एक सात-आठ वर्षांची मुलगी सरळ चालत पुढं आली. तिरकी नाही, सरळ. तिनं आधी पाय पाहिला, मग त्याचं तोंड पाहिलं.

"दादा, मी धरू का?"

विक्की तो पाय तिच्या हातात देत म्हणाला, "धर. पण उलटा नोको धरू, नाही तर घरी मागं मागं चालत जाईन मी."

मुलगी खुदकन हसली. मग तिच्या मागचा म्हातारा हसला, मग सगळेच. हातभर अंतर कोणी मोडलं कळलं नाही. कोणी विक्कीच्या खांद्यावर हात ठेवला, कोणी माझं बॉनेट उघडायला लागलं, आजीनं त्याच्या हातावर फटका मारला. पाय चढवून विक्की उठला आणि झेंडी घ्यायला चालत गेला. थोडा लंगडत. बराच ताठ.

मित्रांनो, आता माझं मागणं ऐका. तुमच्या घरी गाडी असेल तर तिला झाकून ठेवू नका. चालवा. चाकांत हवा भरा, शनिवार विसरू नका. ती विकत घेताना चारचौघांना काय दिसेल ते विचारू नका, ती हाकणाऱ्याला काय जमतं ते विचारा. आणि कोणाच्या अंगात काही कमी असेल, तर कडेनं, चोरून पाहू नका. त्यानं माणूस यार्डातल्या गाडीसारखा उभा राहतो. समोर जा आणि विचारा, धरू का? नको म्हणाला तर राग मानू नका.

माझ्या नाकावरचा पोचा अजून तसाच आहे. दिवा बदलला. पोचा काढायचा विषय निघाला की मीच बॉनेट गच्च धरून ठेवते.